मदरबोर्ड गेलाय म्हणतात. साडेसहा हजार घालू, की नवाच कॉम्प्युटर घेऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१४ मध्ये दुकानातून असेंबल करून घेतलेलं मशीन: चौथ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. हल्ली बटण दाबलं की कधी सुरू होतं, कधी पंखा दोन गिरक्या घेऊन थांबतो. सुरू झालंच तर तारीख भलतीच, आणि डेस्कटॉप यायला सात-आठ मिनिटं. घरी आलेला मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेलाय, सेकंडहँड बोर्ड टाकून ६,५०० घेईन. दुकानदार म्हणतो यात पैसे घालूच नका, ४२,००० मध्ये नवा देतो. मुलगी नववीला आहे आणि वडील त्यावर मराठी टायपिंग करतात.

साडेसहा हजार नक्की घालू नका. बेचाळीस हजारही या आठवड्यात घालू नका.

मी साताऱ्यात चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता एका पतसंस्थेची मशीन्स सांभाळतो. ‘बोर्ड गेला’ हे वाक्य काउंटरमागे बसून मीही पुष्कळदा उच्चारलंय. बोर्ड गेला म्हटलं की गिऱ्हाईक मान हलवतं आणि पुढचं काही विचारत नाही. तुमच्या मेकॅनिकने दुसरं एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, लावून पाहिलं का? पाहिलं नसेल तर त्याने निदान केलेलं नाही, अंदाज सांगितलाय.

तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी हे मला तीन वेगवेगळे आजार वाटतात. एका बोर्डाच्या माथी तिन्ही मारायचं काही कारण नाही.

तारीख मागे जाते ती सेल संपल्यामुळे. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो, पन्नासच्या आत. हा संपला की मशीनला वेळ लक्षात राहत नाही. तारीखच चुकीची म्हटल्यावर बँकेची साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीन त्याच्या चुकीच्या तारखेशी ताडून बघतं. यासाठी लोक व्हायरस काढायला मशीन घेऊन आलेले मी पाहिलेत.

डेस्कटॉप यायला सात-आठ मिनिटं लागतात ती हार्ड डिस्कमुळे. एकदा मशीन सुरू झालं की टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. बराच वेळ १०० टक्क्यांवर बसलेला असणार. विंडोज १० एका वेळी शेकडो बारीकसारीक फायली मागतं आणि फिरत्या तबकडीवरची सुई त्या गोळा करत हिंडत बसते. प्रोसेसर बिचारा तोवर मोकळा बसलेला असतो. तुमचा आय थ्री आजही ब्राउझर, वर्ड आणि यूट्यूब यांना पुरून उरेल.

राहिलं सुरू न होणं. इथे बोर्डाचा नंबर शेवटचा. आधी रॅम, मग एसएमपीएस, मग बोर्ड.

रॅमचं तुम्ही घरीच करू शकता. प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटची डावी बाजू उघडा. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या क्लिपा बाहेर ढकलल्या की रॅमची पट्टी स्वतःच वर येते. तिची खालची सोनेरी दातांची कड जरा काळपटली असेल. मुलीच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घ्या, शाई खोडायचं खरखरीत नको, आणि दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा. कीस ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. परत बसवताना दोन्ही क्लिपा ‘टक’ करून आपोआप मिटल्या पाहिजेत. एक मिटली आणि एक नाही, तर पट्टी बसलेलीच नाही. हसू नका, ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेली कितीतरी मशीन्स याच्यावर सुरू झालीत. कोकणातून येणाऱ्यांची तर दर पावसाळ्यानंतर. (आत पालीची अंडी दिसली तर घाबरू नका. एसएमपीएसजवळ उबदार असतं, तिला ती जागा आवडते.)

एवढ्यावर भागलं नाही तर एसएमपीएस. २०१४ च्या असेंबल्ड मशीनमध्ये ते बहुधा कॅबिनेटबरोबर फुकट आलेलं असतं. हातात घेतलं की रिकाम्या डब्यासारखं हलकं लागतं, वर मात्र ४५० वॉट लिहिलेलं. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, आठ-दहा वर्षांत सुकतात. थंड मशीनला पहिल्या फटक्यात लागणारा करंट मग ते देऊ शकत नाही, म्हणून पंखा फिरतो आणि सगळं बंद पडतं. तुमचं वर्णन मला अगदी याचंच वाटतं. मेकॅनिक मंडळी मोठ्या २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडतात, पंखा फिरला की ‘एसएमपीएस ओके’ म्हणतात. त्याला अर्थ नाही. पंखा फिरवायला काय ताकद लागते? भार पडल्यावर १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाते का, हे बघायचं असतं. सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी चालू एसएमपीएस तासाभरासाठी आणून लावायचं. स्वतःचं एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका बसेल एवढी वीज असते.

कॅबिनेट उघडलंच आहे तर टॉर्च मारून बोर्डावरचे कपॅसिटरही बघून घ्या, प्रोसेसरभोवती ओळीने उभे असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. एखाद्याचं डोकं पुरीसारखं फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकट काही आलं असेल, तर मेकॅनिक बरोबर आणि मी चूक.

आता पैशाचं. गिऱ्हाइकांना मी एकच हिशेब सांगायचो. जी वस्तू उद्याच्या नव्या मशीनमध्ये नेता येईल तिच्यावर बिनधास्त खर्च करा, आणि जी फक्त याच सांगाड्यात चालेल तिच्यावर हात आखडता घ्या. ‘नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च आला तर नवीन घ्या’ हा नियम फ्रिजला ठीक आहे. कॉम्प्युटर म्हणजे दहा वस्तूंचं गाठोडं, त्यातली प्रत्येक वेगळ्या वेगाने म्हातारी होते.

या हिशेबाने एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क घ्या, तीही अडीच इंची साटा जोडणीची, २५६ जीबीची. आज ती तुमच्या मशीनला नवं करेल, उद्या नवीन मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून जाईल. दुकानदार एम.टू., म्हणजे थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी देऊ करेल, ती घेऊ नका. तुमच्या काळच्या एच ८१ बोर्डांवर तिच्यासाठी बहुधा जागाच नसते. चांगल्या कंपनीचं एसएमपीएस दोन-अडीच हजारांचं येतं, तेही पुढे चालतं. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस यांचंही तसंच.

बोर्डाचं उलट. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा सॉकेट वेगळा, त्याला रॅम डीडीआर ३ या जुन्या प्रकारची. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकमेकांशिवाय कुठेच जात नाही. त्यात असे नवे बोर्ड मोठ्या कंपन्या आता काढत नाहीत, म्हणजे मिळणार तो कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातून धुऊन-पुसून आलेला, तुमच्या बोर्डाच्याच वयाचा. मी २०१९ मध्ये मेव्हण्याच्या मशीनला असा बोर्ड टाकला होता, ४,२०० रुपयांना. व्यापाऱ्याने तीन महिन्यांची वॉरंटी तोंडी दिली. नव्वदाव्या दिवसापर्यंत चालला. शंभराव्याच्या आसपास दिवाळीत बंद पडला, आणि त्या दिवाळीत बायकोच्या माहेरी माझी जी कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून ओवाळणी झाली ती सांगत नाही.

रॅमबाबत मी माझाच नियम मोडतो. जुनी डीडीआर ३ ची ४ जीबी पट्टी चार-पाचशेला मिळते. पुढे कुठे नेता येणार नाही, तरी टाका. मुलगी ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणार हे धरून चाला.

म्हणजे सेल, एसएसडी, जुनी रॅम, आणि लागलंच तर एसएमपीएस. एसएसडी आणि रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत चांगलेच भडकलेत, त्यामुळे दोन दुकानांत विचारा. तरी सगळं मिळून मेकॅनिकच्या आकड्याच्या आत बसावं, आणि त्यातलं बरंचसं वाया जाणारं नाही.

फक्त एक गोष्ट पैशाने सुटत नाही, ती म्हणजे विंडोज. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती मशीनची नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तुमच्याकडे दोन्ही नाही. ‘आम्ही जुगाड करून टाकून देतो’ म्हणणारे भेटतील. टाकतात, चालतंही. पण त्यावर पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नेट बँकिंग त्या मशीनवर करणार असाल तर मला ते पटत नाही. मुलीच्या अभ्यासापुरतं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं.

वडिलांचं काम जास्त नाजूक आहे. ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात हे तुम्ही लिहिलं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत असेल, तर प्रश्न मिटला. श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर त्या फायलींत खरं मराठी साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की वडिलांची वीस वर्षांची पत्रं उघडल्यावर नुसता चिन्हांचा कचरा दिसेल. म्हणून कुणालाही फॉरमॅट मारू देण्याआधी विंडोजमधला फॉन्टचा सगळा फोल्डर कॉपी करून ठेवा, सॉफ्टवेअरची सीडी आणि असेल तर डोंगल, म्हणजे मशीनला लावायची त्याची किल्ली, शोधा. लिनक्सवर ती सॉफ्टवेअर्स चालतील असं धरू नका. वडिलांपुरतं हेच मशीन इंटरनेट काढून विंडोज १० वर तसंच ठेवणं, हा मला वाईट पर्याय वाटत नाही. टायपिंगला अपडेट लागत नाहीत.

बोर्ड खरंच गेलेला निघाला तर? तरीही थेट बेचाळीस हजारांकडे वळू नका. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकायला काढलेले, मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात, आता ऑनलाइनही. आठव्या पिढीचा आय फाइव्ह घ्या, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. घेताना नुसतं ‘आय फाइव्ह आहे’ यावर जाऊ नका. आय फाइव्ह २४०० सुद्धा आय फाइव्हच, आणि तो २०११ चा. त्या चार आकड्यांतला पहिला आकडा ८ किंवा ९ हवा, किंवा आकडे पाच असतील तर सुरुवातीला १० किंवा पुढचं काही. एक खोट सांगून ठेवतो: या ब्रँडेड मशीनचं एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्याच मापाचं असतं, तेव्हा आधीच नवं एसएमपीएस घेतलं असेल तर ते यात बसणार नाही. म्हणून एसएमपीएस आधी उसनं आणून बघा म्हटलं. तुमच्या मॉनिटरला मागे फक्त निळा व्हीजीए सॉकेट असेल तर कन्व्हर्टरही लागेल, तो काही शेकड्यांत येतो. विकत घेण्याआधी मशीनच्या मागे कुठले सॉकेट आहेत याचा फोटो मागवा.

नवा कोरा घ्यायचाच असेल तर मुलगी दहावीनंतर काय घेते ते ठरू द्या. तिला लॅपटॉप लागला तर बेचाळीस हजारांचा डेस्कटॉप कोपऱ्यात धूळ खाईल.

काहीही ठरलं तरी या रविवारी आधी हार्ड डिस्कवरचे फोटो आणि वडिलांच्या फायली बाहेर काढा. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून, तिला वेगळी वीज देणाऱ्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. जुनं मशीन बायबॅकमध्ये किंवा भंगारात द्यायची वेळ आली तर कॅबिनेट खुशाल द्या, डिस्क घरी ठेवा. चार स्क्रू असतात, दोन डावीकडून आणि दोन उजवीकडून. उजवीकडच्या दोनसाठी दुसरी बाजूही उघडावी लागते, तिथेच लोक कंटाळून डिस्क आत सोडून देतात.