पालिकेची पायरी आणि पालिकेची नोकरी

प्रश्न : माझे वडील व्हीलचेअर वापरतात. आमच्या पालिकेने कार्यालयासमोर रॅम्प बांधला, पण दोघांनी धरल्याशिवाय खुर्ची वर चढत नाही, उतरताना तर पुढेच कलंडते. तक्रार केली की ‘रॅम्प दिलाय ना?’ म्हणतात.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी टेप घेऊन मोजा. सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. जोत्याची उंची गुणिले 12, एवढी रॅम्पची लांबी. 15 सेंटिमीटरच्या 3 पायऱ्या असतील तर उंची 45 सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प 5.4 मीटर, साधारण 18 फूट लागतो. बहुतेक ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या 5-6 फुटांत सिमेंट ओतून मोकळे होतात. तो उतार 1:4 च्या आसपास जातो, खुर्ची कलंडते ती त्यामुळेच. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवता येतो, त्यामुळे ‘जागा नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका.

आणखी चार गोष्टी बघा. वर दारापाशी दीड मीटर सपाट जागा आहे का, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना कठडा आहे का. दार 90 सेंटिमीटर मोकळं उघडतं का. आणि फरशी गुळगुळीत तर नाही ना? साताऱ्याच्या पावसात पॉलिश केलेली फरशी म्हणजे चालणाऱ्यालाही धोका. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लागत असतील तर तोही फोटो काढा.

ही मापं आणि फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी तक्रारीचा पुढे कुठेच उपयोग होत नाही. अर्जात लिहा की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायच्या होत्या आणि नियम जाहीर झाल्यापासूनची 5 वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. रॅम्प दुरुस्त होईपर्यंत खाली टेबल मांडून वडिलांचे अर्ज घ्यावेत, अशी मागणीही त्यातच करा.

पैसे नाहीत म्हणाले, तर राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचे असतात, हे लक्षात ठेवा. गेल्या 3 वर्षांत या निधीत किती तरतूद होती, किती खर्च झाला आणि कशावर, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. दोन विषय एकत्र केले की अर्ज तिथेच अडतो.

प्रश्न : माझा भाऊ नगरपरिषदेत कायम चालक आहे. अपघातात त्याचा पाय गेला. ‘आता स्वेच्छानिवृत्ती घे’ म्हणून आस्थापना विभाग मागे लागला आहे.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भावाला कोऱ्या किंवा छापील, कुठल्याच कागदावर सही करू देऊ नका. एकदा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्याच्या सहीने गेला की ‘त्यानेच मागितली’ असं होतं, आणि ते फिरवणं फार जड जातं.

2016 च्या कायद्याचं कलम 20 इथे स्पष्ट आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा तयार केलेल्या पदावर ठेवावं लागतं. नगरपरिषदही यात येते.

सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढून घ्या. मग पर्यायी पदासाठी अर्ज द्या. त्यात भाऊ काय करू शकतो ते नेमकं लिहा : जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल, भांडार, आवक-जावक, वाहनांच्या इंधनाची नोंदवही. ‘योग्य ते काम द्यावे’ एवढंच लिहिलं की फाइल ‘योग्य पद उपलब्ध नाही’ या शेऱ्यानिशी परत येते. दाद लागली नाही तर कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याने 2 आठवड्यांत चौकशी करायची असते. त्यानंतर जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

प्रश्न : आम्ही ठेकेदाराकडून सफाईला येतो. पालिकेचा मुकादम घाणेरडं बोलतो, अंगचटीला येतो. ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाही,’ असं कार्यालयात सांगतात.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, हे साफ चुकीचं आहे. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यात ठेकेदारामार्फत येणारी स्त्रीही कर्मचारीच धरली जाते. मुकादम पालिकेचा, म्हणून तक्रार पालिकेच्या अंतर्गत समितीकडे द्या. शेवटच्या प्रकारापासून 3 महिन्यांच्या आत द्या. तेवढ्यात जमलं नाही तर कारण लिहा, समिती आणखी 3 महिने देऊ शकते. नियमांप्रमाणे 6 प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. चौकशी चालू असताना मुकादमाची किंवा तुमची बदली, नाहीतर 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते. ‘पैसे घे आणि मिटव’ असं कुणी म्हटलं तर ते कायद्यातच बसत नाही. पालिकेत समितीच नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक समितीची चौकशी करा आणि पालिकेने समिती नेमली नाही, हेही तिथे लेखी द्या.