'पक्षांतर निषेध' की 'पक्षांतरबंदी'?

खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "मुलाच्या कन्नड वहीत 'पक्षांतर निषेध काय्दे' असं लिहिलंय. निषेध तर आपण मोर्चा काढून करतो. कायदा कसला निषेध करणार? शब्द चुकलाय का?"

चुकलेला नाही. आपण तो मराठी कानाने ऐकतोय, एवढंच. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. कन्नडने तोच अर्थ ठेवला, हिंदीनेही ('प्रवेश निषेध'ची पाटी आठवा). मराठीत मात्र तो नापसंती जाहीर करण्याकडे सरकला. जुना अर्थ आपल्याकडे 'विधिनिषेध' आणि 'निषिद्ध'मध्ये उरलाय. चातुर्मासात कांदा-वांगं निषिद्ध म्हणतो, तेव्हा कांद्याविरुद्ध घोषणा देत नाही.

बेळगावात ही गंमत जास्तच बोचते. १ नोव्हेंबरला आपली काळ्या दिनाची निषेध फेरी, आणि आपण जिला जमावबंदी म्हणतो तिचं कन्नड नाव 'निषेधाज्ञे'! कन्नड पेपरात तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, निषेध करायची सरकारी आज्ञाच निघाली. उलटा खड्डाही आहे. आपल्या निषेधाला कन्नडात 'खंडने' म्हणतात. पुढाऱ्याने 'खंडिसिदरु' हे वाचून आपला माणूस समजतो की त्याने आरोप नाकारला. आणि हो, 'काय्दे' हे एकवचन आहे. कायदा एकच.

तेव्हा मराठीत 'पक्षांतरबंदी कायदा'च लिहावं. पण खरं सांगायचं तर 'बंदी'ही जरा जादाच होते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टाच्या मथळ्यात बंदी नाहीच. पक्षांतराच्या कारणावरून 'अनर्हता', म्हणजे अपात्रता, आहे. आमदाराला पक्ष सोडायला कुणी अडवत नाही, फक्त खुर्ची सोडून जावं लागतं. सुरुवातीला एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' धरून माफ होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली, दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची ठेवली.

अनर्ह हा शब्दही कन्नड वाटून सोडू नका. २०१९ मध्ये कर्नाटक विधानसभेच्या सभाध्यक्षांनी पक्षांतरासाठी १७ आमदारांना घरी पाठवलं, तेव्हा कन्नड पेपरांत 'अनर्ह शासकरु' आणि मराठीत 'अपात्र आमदार' असं छापून येई. पण महाराष्ट्राच्या १९८६ च्या कायद्याचं नावसुद्धा 'स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम' असंच आहे. बोलण्यात अपात्र, कायद्याच्या पुस्तकात अनर्ह.

त्या १७ पैकी तिघे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले : गोकाक, अथणी आणि कागवाडचे. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता कायम ठेवली, पण विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायची नाही ही अट काढली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. याला बंदी म्हणायचं तर जीभ थोडी अडखळतेच.

मुलाला मात्र कन्नडच्या पेपरात 'निषेध'च लिहू द्या. तिथे 'बंदी' लिहिलं तर वाचणाऱ्याला तुरुंगातला कैदी दिसेल.