ब्राझीलच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी क्रियापदं सारखी चुकतात, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ऑनलाइन वर्गातल्या तिघा ब्राझीलियनांना काळांचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी बोलताना 'आय लॉस्ट द बस'च येतं, आणि तुम्हाला पोर्तुगीज येत नसल्याने बोट कुठे ठेवावं कळत नाही. मी फोंड्याचा. पणजीत थोडीफार पोर्तुगीज शिकलो. गेली सहा वर्षं रात्री साडेआठला वर्ग घेतो. तेव्हा साओ पावलोत दुपारचे बारा वाजलेले असतात आणि निम्मे विद्यार्थी जेवता जेवता बोलतात.

आधी तो तक्ता बाजूला ठेवा. 'लॉस्ट' हा भूतकाळ बरोबरच आहे, चुकलंय ते क्रियापद. किल्ली हरवली, सामना हरलो, बस चुकली, या तिन्हींना पोर्तुगीजमध्ये एकच शब्द: 'पेर्देर'. इंग्रजीत पहिल्या दोहोंना 'लूज' चालतं, बसला 'मिस' लागतं. त्यांच्या निम्म्या चुका अशाच असतात, एका घरातली माणसं इंग्रजीत दोन-तीन घरांत राहायला गेलेली.

सगळ्यात जास्त छळतो तो 'एस्पेरार'. वाट पाहणं, आशा करणं, अपेक्षा करणं, सगळं त्यातच. म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीने साहेबांना मेल केली, 'आय वेट यू आर वेल'. इथे मराठी तुमच्या मदतीला येते, कारण आपल्याकडे तिन्ही वेगळे आहेत. मी बस, पाऊस आणि पाहुणे असे तीन शब्द देतो आणि वाक्यं करायला सांगतो. बसची वाट पाहायची, पाऊस पडावा अशी आशा करायची, पाहुणे येणार हे धरून चालायचं. वेट, होप, एक्स्पेक्ट.

तसाच 'गान्यार': जिंकणं, कमावणं, भेट मिळणं. त्यामुळे 'आय विन माय सॅलरी' ऐकू येतं. तेव्हा मी हळूच सांगतो की आमचा 'पगार' तुमच्याच भाषेतून आला, तुमचं 'पागार' हे पैसे देण्याचं क्रियापद ना, त्यातून. वर्ग खूश होतो आणि 'अर्न' जरा लवकर पचतं. 'मेक' आणि 'डू'च्या बाबतीत मात्र आपणही त्यांच्याच होडीत. त्यांचं 'फाझेर' तसं आपलं 'करणे'. नियम शोधू नका, जोड्या पाठ करून घ्या.

'हॅव अ डॉग इन द स्ट्रीट' आणि 'आय हॅव थर्टी इयर्स' याही चुका कानावर पडतील. दोन्हींच्या मुळाशी 'तेर' आहे, म्हणजे जवळ असणं, इंग्रजी 'हॅव'. ब्राझीलमध्ये रस्त्यावर कुत्रा 'असतो' तोही 'तेर'नेच, आणि वय तर सगळ्याच पोर्तुगीजभाषकांचं 'तेर'ने सांगतात. सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरही लक्ष ठेवा. 'आय प्रिटेंड टू गो टू कॅनडा' म्हणणारा ढोंगी नाही, त्यांच्याकडे 'प्रेतेन्देर' म्हणजे बेत असणं. आणि 'पुश' लिहिलेलं दार ते ओढत बसतात, कारण 'पुशार' म्हणजे ओढणे!

आता खरी अडचण, प्रेझेंट परफेक्ट. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो' हे ते साध्या वर्तमानकाळात सांगतात, 'मोरु आकी आ देझ आनुस'. आपणही तसंच सांगतो. त्यामुळे 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स' त्यांना खटकत नाही आणि आपल्यालाही खटकत नाही. पहिलं वर्षभर मी हे वाक्य बरोबर म्हणून सोडत होतो. एकाने परीक्षेचा तपासलेला निबंध पाठवला, त्यात मी बघून दिलेल्या तीन वाक्यांखाली लाल रेघ होती. तेव्हापासून आधी स्वतःला बजावतो: 'हॅव लिव्ह्ड', मुदत असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'.

यात अजून एक खड्डा आहे. त्यांचं 'तेन्यु एस्तुदादु' दिसायला हुबेहूब 'हॅव स्टडीड', पण अर्थ 'हल्ली अभ्यास करत असतो' असा. उलट 'मी सुशी खाल्ली आहे' हे ते साध्या भूतकाळाला 'जा' (त्यांचा 'आधीच') जोडून सांगतात. आपल्या 'खाल्ली आहे'मधला 'आहे' त्यांच्याकडे नाहीच. म्हणून मी सांगतो, मनात 'जा' आला आणि कधी ते सांगायचं नसेल, तर 'हॅव' लावून बघा. सगळीकडे लागू पडत नाही, पण दहातली सात वाक्यं सुटतात.

'आय विल बी सेंडिंग' दिसलं की लगेच काट मारू नका. व्याकरण ठीक आहे, पण त्यांच्या भाषेतही 'पाठवत असेन' छापाची अशीच रचना आहे, आणि ब्राझीलमध्ये कॉल सेंटरची ही लकब इतकी बोकाळली होती की ब्राझिलियाच्या गव्हर्नरांनी २००७ साली सरकारी कार्यालयांतून तसलं क्रियारूप बडतर्फ केल्याचा हुकूमच काढला. पोर्तुगालचा कुणी आला तर ही सवय त्याला नसेल, तिकडे 'करतोय' हे वेगळ्याच रचनेने म्हणतात.

पहिले दोन आठवडे 'एस्पेरार', 'पेर्देर', 'गान्यार' एवढंच घ्या, मग 'जा'. आणि तुमच्या प्रोफाइलवर 'आय ॲम टीचिंग सिन्स टेन इयर्स' लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्गाआधी बदला. माझ्यावर होतं.