शेवटचे वीस किलोमीटर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (चाळीसगाव): टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघताना समालोचक सांगतो, ‘वीस किलोमीटर उरले, पुढे पळालेल्यांची आघाडी दीड मिनिटाची, हे सापडणार.’ आणि तसंच होतं. त्याला आधीच कसं कळतं?

हा साधा हिशेब आहे. रॉबेअर शापात हे फ्रेंच सायकलपटू पुढे समालोचक झाले. त्यांच्या नावाने नियमच पडला: दहा किलोमीटरमागे एक मिनिट. वीस उरले असतील तर पळालेल्यांकडे दोन मिनिटं हवीत. दीडच असेल तर जथा, म्हणजे मागून येणारा सायकलपटूंचा मोठा घोळका, त्यांना गाठतो.

कागदावर मांडून बघा. पुढचे ताशी 45 ने चाललेत, तर दहा किलोमीटरला त्यांना 13 मिनिटं 20 सेकंद लागतात. मागचा जथा 50 ने आला तर त्याला 12 मिनिटं. म्हणजे दर दहा किलोमीटरला 80 सेकंद वसूल. जथ्याला हे परवडतं, कारण तिथे हवा कापायचं काम पाळीपाळीने होतं आणि बाकीचे आडोशाला बसून दम राखतात. पुढच्या तीन-चार जणांना सारखं वाऱ्याला तोंड द्यावं लागतं.

मात्र जथ्याला त्यांना लवकर पकडायचं नसतं. पंधरा किलोमीटर आधीच पकडलं तर ताज्या दमाचे दुसरे पळतात आणि पाठलाग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून स्प्रिंटरचे (रेषेजवळ सुसाट सुटणाऱ्यांचे) संघ दोरी सैल सोडतात, अर्ध्या मिनिटावर झुलवत ठेवतात. तेव्हा पडद्यावर नुसती आघाडी बघू नका, गेल्या पाच किलोमीटरमध्ये ती किती घटली ते बघा. आणि जथ्याच्या तोंडाशी किती संघांचे कपडे दिसतात तेही. शंभर जण मागे असले तरी ओढणारे, म्हणजे पुढे राहून हवा कापणारे, चारच असतात. ज्या संघाचा माणूस पुढे पळालाय तो मदत करत नाही, उलट पाठलागात खोडा घालतो. अरुंद गल्ल्या, ओला उतार, लागोपाठ वळणं असली की मोठ्या जथ्याचा वेग मोडतो आणि शापातांचा नियमही.

प्रश्न (धुळे): ‘वारा आडवा आहे’ असं समालोचक म्हणाला आणि थोड्याच वेळात जथ्याचे तीन तुकडे झाले. हाई कसं काय व्हस?

धुळ्याहून शिरपूरकडे आषाढात सायकल चालवून बघा. रस्ता उत्तरेला, वारा पश्चिमेचा, म्हणजे डावीकडून. (साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या काही उगाच उभ्या नाहीत.) अशा वाऱ्यात आडोसा थेट मागे नसतो, मागे आणि उजवीकडे असतो. म्हणून पहिला डाव्या कडेने चालतो आणि बाकीचे तिरकी रांग लावतात. रस्त्याची रुंदी संपली की रांग संपली. त्यानंतरच्यांना उजव्या कडेला एकामागे एक लटकावं लागतं, आडोसा शून्य. तिथे एकाने पुढच्याचं चाक सोडलं, म्हणजे तो मागे पडला, की मागचे सगळे सुटले. शहाणा संघ मोकळं माळरान येण्याआधीच पुढे येऊन बसतो. तुकडे पडल्यावर पुढे जाऊ म्हणणाऱ्याला फार उशीर झालेला असतो.

प्रश्न (अमळनेर): आमचा चौघांचा गट आहे. तालुक्याच्या शर्यतीत एकाला स्प्रिंटसाठी नीट सोडायचं तर अंतरं कशी वाटून घ्यावीत?

हौशी वेगाला हा हिशेब बसतो. पहिला 1500 मीटरपासून 900 पर्यंत ओढेल, ताशी 45 ने, साधारण 48 सेकंद. दुसरा 900 ते 500, वेग 48. तिसरा 500 ते 200, वेग 52, वीस-एकवीस सेकंद. उरलेले 200 स्प्रिंटरचे. समोरून वारा असेल तर त्याला 150 वरच सोडा, पाठीशी वारा असेल तर 250 ला सोडलं तरी चालेल.

बहुतेक गट पहिल्याच माणसात बिघडतात. तो जोशात 50 गाठतो, दुसऱ्याला वेग वाढवायला जागा उरत नाही, आणि 400 मीटरवर सगळे थंडावले की मागून लोंढा अंगावर येतो. वेग सतत चढता हवा, पण झटका नको. झटका दिला की मागच्याशी सायकलभर अंतर पडतं आणि ते भरताना स्प्रिंटरचेच पाय संपतात. दोन चाकांत हातभर अंतर ठेवा. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं आणि घासलं, तर पडता तुम्ही.

गिअर: तिसऱ्याच्या मागे असताना पुढे 50 दात, मागे 14. ताशी 52 ला पाय मिनिटाला 115 च्या आसपास फिरतात. उसळी मारण्याच्या क्षणभर आधी 13 वर या. पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन उडी मारते. हात हँडलच्या खालच्या वळणावर. मागे बघायचं ते मान वळवून नाही, काखेखालून. काम झालेल्याने रेषा न सोडता हळूहळू वेग कमी करावा, एकदम ब्रेक लावू नये. स्प्रिंटरने आडवं जाऊन कुणाची वाट अडवली तर पंच त्याला निकालात खाली ढकलतात.

2012 मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर ब्रॅडली विगिन्सने पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची) अंगावर असताना मार्क कॅव्हेंडिशसाठी असं ओढलं होतं. एकूण विजेता सहकाऱ्याचं चाक ओढतोय, हे दृश्य जरूर बघा.

प्रश्न (भुसावळ): स्प्रिंटमध्ये समालोचक एकाचं नाव घेतो आणि जिंकतो दुसराच. डोळे मिटून बोलतात का?

त्यांचे डोळे उघडे असतात, फसवतो तो कॅमेरा. शेवटच्या सरळ रस्त्यावर समोरून लांब भिंगाने चित्र घेतात आणि त्यात खोली चेपली जाते. दोन सायकलींचं अंतर दोन वितींचं वाटतं. हेलिकॉप्टरचं चित्र आलं की खरं कळतं. समालोचकही तुमच्यासारखाच पडदाच बघत असतो. निकाल देतो तो रेषेवरचा फोटो-फिनिश कॅमेरा, पुढच्या टायरची कड रेषेला कधी लागली त्यावर. म्हणून शेवटच्या क्षणी सायकल हातांनी पुढे फेकतात. नाव घाईने घेणारा आम्हाला रुचत नाही. ‘थांबा, फोटो बघू’ म्हणणारा बरा.

प्रश्न (शहादा): शेवटच्या दिवशी पिवळ्या जर्सीवर कुणी हल्ला का करत नाही?

1975 पासून टूर बहुतेक शाँझेलिझेवर संपते. सपाट फेऱ्यांवर मिनिटं मिळत नाहीत, म्हणून तो दिवस मिरवणुकीचा आणि स्प्रिंटरचा. हे अपवाद मात्र लक्षात ठेवा. 1989 मध्ये शेवटी 24.5 किलोमीटरची वैयक्तिक वेळ-शर्यत (प्रत्येकजण एकटा, घड्याळाविरुद्ध) होती. लोरां फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता, ग्रेग लेमाँडने 58 सेकंद मिळवले आणि टूर आठ सेकंदांनी जिंकली. 2005 मध्ये विनोकुरोव शेवटी निसटला आणि टप्पा, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, जिंकला. 2024 ला ऑलिंपिकमुळे शेवट नीसला, तोही वेळ-शर्यतीने. 2025 मध्ये पॅरिसमधल्या मोंमार्त्रची चढण तीनदा घातली. पाऊस असल्याने एकूण क्रमवारीच्या वेळा आधीच धरल्या, पण टप्प्यासाठी झुंज झाली आणि वाउट व्हान आर्ट एकटाच पुढे येऊन जिंकला.

प्रश्न (चोपडा): शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडला तर वेळ जातो का?

सपाट टप्प्यात नाही. ज्या गटात होता त्याचीच वेळ मिळते. पण टप्प्यातला क्रमांक त्याने रेषा ओलांडली तोच. शेवट चढणीवर असेल तर ही सवलत नाही.