कारकून रजेवर, कोर्ट मात्र चालू

प्रश्न : आमचे तालुक्याचे एका न्यायाधीशांचे न्यायालय. नक्कल आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या वरिष्ठ लिपिक पुढच्या आठवड्यात 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर जात आहेत. त्यातच फायलिंगचे लिपिक आठ दिवस आजारी आहेत. उरलेल्या तिघांत काम कसे वाटावे? (सहायक अधीक्षक, मराठवाडा)

उत्तर : जे काम आज राहिले तर कोणाचा तरी हक्क बुडतो, त्याला आधी माणूस द्या. पहिले टेबल फायलिंगचे. मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 4 प्रमाणे मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल केलेला चालतो. पण कारकून रजेवर म्हणजे न्यायालय बंद नव्हे. ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे वाक्य त्या खिडकीवर कोणीही उच्चारता कामा नये. पडताळणी उद्या झाली तरी चालेल, आवक शिक्का आजचाच हवा.

दोषारोपपत्राबाबत तर वेळही लिहा. आरोपी कोठडीत असताना 60 किंवा 90 दिवसांत ते आले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 खाली त्याला जामिनाचा हक्क मिळतो. दोषारोपपत्र आणि जामीन अर्ज एकाच सकाळी आले, तर आधी काय आले हे आवक नोंदीवरूनच कळणार.

नकलेचे टेबल लोक दुय्यम समजतात, ही मोठी चूक आहे. अपिलाच्या मुदतीतून नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे वगळला जातो. म्हणून अर्ज, तयार आणि दिली या तिन्ही तारखा नकलेवर खऱ्या हव्यात. झेरॉक्स, ताडणी, सही-शिक्का पुरा झाल्याशिवाय ‘तयार’ची तारीख टाकू नका; मागची तारीख पडली की पक्षकाराचे तेवढे दिवस जातात. तयार नकलांची यादी रोज फलकावर लावा.

मुद्देमालाचा प्रभार तोंडी कधीच घेऊ नका. लेखी कार्यालयीन आदेश काढा आणि बाई रजेवर जाण्यापूर्वी दोन दिवस त्यासाठी मोकळे ठेवा. रोकड, दागिने, शस्त्रे व अमली पदार्थ यांची एकेक नोंद रजिस्टरशी ताडावी. गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी वाचता येते का, लाखेची मोहोर शाबूत आहे का हे पाहावे. मोहोर तुटलेली दिसली तर दोघांनी तिथेच सही करून तशी नोंद घ्यावी आणि न्यायाधीशांना कळवावे. सहा महिन्यांनी सापडलेली तुटकी मोहोर कोणाच्या काळातली, हे ठरवता येत नाही.

आठ दिवस आपसांत निभतील, सहा महिने निभणार नाहीत. रजा मंजूर होताच जिल्हा न्यायालयाकडे तात्पुरत्या लिपिकाची मागणी पाठवा. प्रलंबित प्रकरणे, मंजूर पदे, रिक्त पदे आणि कोणाकडे किती टेबले आहेत, हे एका पानात द्या.

प्रश्न : बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर) बसणारे लिपिक अचानक किरकोळ रजेवर गेले, तर सीआयएसमध्ये (न्यायालयाच्या प्रकरण-नोंदीच्या संगणक प्रणालीत) त्यांच्याच पासवर्डने तारखा भराव्यात का?

उत्तर : नाही. चुकीची नोंद झाली तर ती रजेवरच्या माणसाच्या नावावर चढते. बदली लिपिकाच्या स्वतःच्या लॉगिनला ते अधिकार आधीच मागून ठेवा. रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) आणि पुढची तारीख मात्र त्याच संध्याकाळी भरा, नाहीतर पक्षकाराला मोबाइलवर जुनीच तारीख दिसते आणि तो फुकट खेटे घालतो.