वाचकांचे प्रश्न: बटाटे नासले तर दुसरं काही खायचं ना?

प्रश्न: ताई, मुलगा आयर्लंडमध्ये डब्लिनला शिकायला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने लिफी नदीच्या काठावरचे, तिथल्या जुन्या उपासमारीचे पुतळे दाखवले, नुसती हाडं राहिलेली माणसं, एकाने कुणालातरी खांद्यावर टाकलंय, मागे मरतुकडं कुत्रं. त्याच्या घरमालकीण आजींसमोर तो सहज ‘दुष्काळ’ म्हणाला तर त्या चिडल्याच म्हणे. बटाटे नासले तर दुसरं काही खायचं ना? आणि पावणेदोनशे वर्षं झाली, अजून एवढं काय?
– एक आई

उत्तर: काकू, आजी चिडल्या त्यात नवल नाही. दुष्काळ म्हटलं की आपल्याला भेगाळलेली जमीन दिसते, तिथे तसं काहीच नव्हतं. ओट, बार्ली शेतात उभी होती, दाराशी डुक्कर होतं, पण ते सगळं खंडाचं. जमीन जमीनदाराची, खंड थकला की घराबाहेर, म्हणून धान्य नि डुक्कर विकून खंड भरायचा आणि स्वतःचं पोट घरामागच्या तुकड्यातल्या बटाट्यावर, तेही बहुतेक लंपर या एकाच जातीच्या. मजूर माणूस दिवसाला पाचेक किलो खायचा, सोबत ताक. 1845 ला करपा आला, 46 ला जवळजवळ सगळं पीक गेलं, वर काढताना चांगला दिसलेला बटाटासुद्धा थोड्या दिवसांत काळा लगदा. मासे का नाही धरले असंही लोक विचारतात, अहो, कित्येकांची जाळी तोवर गहाण पडली होती.

आणि या काळात धान्य, लोणी, जनावरं जहाजांनी इंग्लंडला जातच होती, आजींचा राग तो आहे. 47 मध्ये बाहेरून मका त्याहून जास्त आला हेही खरं, पण विकत घ्यायला पैसा कुठे होता? आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य, लंडनला मदतीचा कारभार ट्रेव्हेल्यन नावाच्या अधिकाऱ्याकडे, त्याचं म्हणणं बाजारात फार ढवळाढवळ नको (हाच पुढे 1859 ला मद्रासचा गव्हर्नर झाला बरं का). सूपकेंद्रं काढली, 47 च्या उन्हाळ्यात रोज 30 लाख लोक तिथे जेवत होते, आणि ती काही महिन्यांत बंदही केली! वर नियम काय, तर पाव एकरापेक्षा म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन कसत असाल तर ती सोडा, मगच मदत. म्हणजे आजचं जेवण हवं तर उद्याचं शेत द्या. माझ्या मते करप्यापेक्षा हा नियम लोकांच्या जास्त जिव्हारी लागला असणार.

साधारण दहा लाख मेले, तेवढेच किंवा थोडे जास्तच देश सोडून गेले. जहाजांत टायफस (उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप), कॅनडात क्यूबेकजवळ ग्रोस ईल नावाचं बेट आहे, तिथे एकट्या 1847 मध्ये पाच हजारांवर माणसं पुरली. 1841 ला सगळ्या आयर्लंड बेटाची लोकसंख्या 82 लाखांच्या आसपास होती, आज सत्तर लाखांच्या जरा पुढे. आधीपेक्षा कमी, अजूनही! मग विसरणार कसे सांगा.

कारण जाणं तिथे थांबलंच नाही, पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात जागरण, गाणी, नाच, पहाटे रडारड. त्याला अमेरिकन वेक म्हणायचे, आणि वेक म्हणजे मेलेल्या माणसाजवळ रात्र जागवणं. जिवंत पोराचं! परत दिसणार नाही हे आईला माहीतच असायचं. मग तिकडून पत्रात पैसे, त्यातून धाकट्या बहिणीचं तिकीट, की परत जागरण. 1990 ला मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी निवासाच्या खिडकीत या बाहेर गेलेल्यांसाठी दिवा लावला.

आयरिश भाषेत त्या काळाला अन गोर्ता मोर म्हणतात, मोठी भूक. मुलाला सांगा आजींसमोर हाच शब्द वापर, आणि सुट्टी मिळाली की पश्चिमेला मेयोकडे जाऊन ये, तिथे डोंगरउतारांवर गवताखाली बटाट्याचे जुने वाफे अजून दिसतात, ऊन तिरकं असलं की जास्तच.