चिखलात जाऊ द्या तिला

(ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी ठाण्यातल्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र, आतापर्यंत ५८ टक्के. तिला पर्यावरण सल्लागार कंपनीत नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं काम करायचं आहे. वडिलांनी अशा कंपन्यांतल्या लोकांची शिक्षणं पाहिली: कुणी भूगोलाचं, कुणी सिव्हिल, कुणी भूशास्त्राचं. ‘ठरलेली पदवीच नाही, मग भविष्य कसलं?’ असं म्हणून आणि जीआयएस म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच असं धरून त्यांनी नोकरीची हमी देणाऱ्या सहा महिन्यांच्या जीआयएस सॉफ्टवेअर क्लासला ४५ हजार भरायचं ठरवलं आहे.)

नमस्कार.

५८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या ‘मी चौकशी केली’, ‘मी ठरवलं’, ‘मी बंद केलं’ या शब्दांची. दोन पानांत मुलगी काय म्हणाली ते एकदाही आलेलं नाही. तिच्याबद्दल एकच तपशील आहे, तोही तक्रारीच्या सुरात: ‘दर शनिवारी सरांबरोबर खाडीवर जायची, पाय बरबटून यायची, कुठलं झाड कुठे आहे ते वहीत लिहून आणायची. अभ्यासाचं नुकसान म्हणून ते बंद केलं.’

साहेब, तुम्ही बंद केलंत तेच तिचं खरं शिक्षण होतं. तिवर कुठे, कांदळ कुठे (दोन्ही खारफुटीची झाडं), नुसतं गवत कुठे, हे जागेसकट नोंदवणं म्हणजे या व्यवसायाचा पाया. वही फेकून दिली नसेल अशी आशा करतो.

जीआयएस हे कॉम्प्युटरचं क्षेत्र आहे, सॉफ्टवेअर आलं की बाकी आपोआप येतं, हा तुमचा समज उलटा आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि नेटाने बसलं तर दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट असतात. त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. आता २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाची, अधिसूचना पाहा: खारफुटीचं क्षेत्र १००० चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा बफर, म्हणजे राखीव पट्टा. १००० चौरस मीटर म्हणजे मोजून दहा ठिपके! काठावरचे दोन ठिपके तिवराचे की गवताचे, एवढ्यावर निकाल फिरतो, आणि वरून दोन्ही हिरवंच दिसतं. म्हणून कंपन्या जास्त बारकाईची चित्रं विकत घेतात, ड्रोन उडवतात, आणि तरीही माणूस जागेवर पाठवतातच.

ठरलेली पदवी नाही याचं कारणही इथेच आहे. पर्यावरण परिणाम अहवालात प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटर त्रिज्येचा जमीन-वापर नकाशा लागतो. ऐरोलीत केंद्र धरलं तर त्या वर्तुळात खाडी, मुलुंडपलीकडचं जंगल, पारसिकचा डोंगर आणि एमआयडीसी, सगळं येतं. झाडं वनस्पतिशास्त्रवाला ओळखतो. खडक आणि भूजल भूशास्त्राचं, नाल्यांचा उतार आणि डीजीपीएसची (जास्त अचूक जीपीएसची) मोजणी सिव्हिलची. गाव नकाशा, टिपण आणि फाळणी या मोजणीच्या नोंदी आणि गट नंबर वाचायला भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेल्या भूकरमापकासारखा माणूस नाही. शेकडो चित्रांवर तेच काम करायचं असेल तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारा लागतो.

आणि भूगोलवाला काय करतो? क्षेत्रफळ खोटं निघू देत नाही. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) तसंच सपाट मोजलं तर आपल्या १९ अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी फुगतं. ९०० चौरस मीटरचा पट्टा १००० च्या वर जातो आणि नसलेला बफर उभा राहतो. मोजायचं ते यूटीएम या दुसऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर झोनमध्ये. दुसरी नेहमीची चूक भरती-ओहोटीची: आधीचं चित्र ओहोटीचं, नंतरचं भरतीचं घेतलं तर चिखलाचा पट्टा ‘नष्ट झालेला’ दिसतो. तिसरी डोंगराच्या सावलीची. डिसेंबरमध्ये सकाळच्या चित्रात पारसिकच्या पश्चिम उताराची सावली वर्गीकरणात, म्हणजे सॉफ्टवेअर ठिपक्यांचे प्रकार ठरवतं तेव्हा, पाणी म्हणून येते. त्या उतारावर तळं नाही, हे माहीत असलेलाच ती पकडतो.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, पदवी लागतेच. अहवाल करणाऱ्या संस्थांना नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता घ्यावी लागते आणि त्यात जमीन-वापराच्या तज्ज्ञाची पदवी आणि अनुभव तपासला जातो. तिथे सहा महिन्यांच्या क्लासचं प्रमाणपत्र कामाचं नाही. नोकरीची हमी कुठल्या कामाची, हे त्या क्लासला लेखी विचारा. बहुतेक वेळा ते दिवसभर रस्ते आणि इमारतींच्या कडा गिरवण्याचं काम असतं.

मार्ग नेहमीचेच आहेत: पुण्यात जिओइन्फर्मॅटिक्सची (जीआयएसच्या शास्त्राची) एमएस्सी, किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून पुढे गेट या प्रवेश परीक्षेचा जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशाशास्त्राचा) पेपर. देहरादूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन (उपग्रह-चित्रांच्या अभ्यासाच्या) संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत, ते आत्ताच सुरू करता येतील.

४५ हजार भरू नका. त्यातून बरी रॅम असलेला वापरलेला लॅपटॉप घ्या. परीक्षा झाली की तिने एकच नकाशा पूर्ण करावा: ऐरोली ते वाशी खाडीकाठची खारफुटी, दोन वेगळ्या वर्षांची, महिना तोच आणि पाण्याची पातळी जवळपास तीच. किमान ५० ठिकाणं जागेवर तपासलेली, आणि त्यातली किती चुकली याचा तक्ता नकाशासोबत. चुकांचा तक्ता लावणारा उमेदवार मुलाखतीत वेगळा दिसतो, कारण बहुतेक जण नुसतं रंगीत चित्र घेऊन येतात.

सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, ती मी उडवून लावणार नाही. ओहोटीची वेळ पाहून जावं, भरती सुरू होण्याआधी बाहेर पडावं. गमबूट हवेत, एकटीने जाऊ नये, आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. एखाद्या शनिवारी तुम्हीच सोबत जा आणि ती वहीत काय लिहिते ते पाहा.

पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं येऊ द्या. तिला विचारायचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतील.